इंजिनातला जाम बोल्ट न तोडता कसा काढायचा

इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटच्या झाकणाला दोन बोल्ट होते. डोक्याला १० मिमीचा सॉकेट लागायचा, दांडा जेमतेम ६ मिमीचा. इंजिनावर पहिल्यांदा हात घातला तेव्हा त्यातला एक मी सरळ काढला. दुसरा हलेचना. जोर वाढवला तसा तो थोडा फिरला आणि मग पाना एकदम मऊ लागायला लागला. मला वाटलं, सुटला. तो सुटत नव्हता, पिळला जात होता. पुढच्या पाव फेऱ्यात डोकं सॉकेटमध्ये आलं आणि दांडा अ‍ॅल्युमिनियमच्या आत राहिला. उरलेला तुकडा काढायला एक्स्ट्रॅक्टर (तुकड्यात भोक पाडून त्यात रुतवून फिरवायचं हत्यार) लावला, तोही आतच तुटला. अर्ध्या तासाच्या कामासाठी शेवटी तो सगळा भाग उतरवून मशीन शॉपमध्ये न्यावा लागला.

त्यानंतर बरेच गंजलेले बोल्ट हाताखालून गेले. तुटण्याआधी बोल्ट हाताला इशारा देतो, हे मला त्यातून कळलं. तो इशारा ओळखता आला आणि त्या क्षणी थांबता आलं, तर बहुतेक बोल्ट अखंड निघतात. खालच्या पायऱ्या कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे लावल्या आहेत. आधीची पायरी मनापासून करून झाल्याशिवाय पुढची धरू नका.

१. बोल्ट कशामुळे अडकलाय ते ओळखा

सगळे जाम बोल्ट सारखे नसतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की नुकसान होतं.

बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात, पोलादी बोल्ट असेल आणि भोवती तांबूस गंज दिसत असेल, तर साधा गंज आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगून बसतो, म्हणून बोल्ट आवळल्यासारखा होतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये किंवा पाण्याच्या पंपाच्या घरात पोलादी बोल्ट असेल, तर प्रकरण वेगळं. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा, खारं पाणी किंवा जुनं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) असलं की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. त्याची पांढरी, खडूसारखी भुकटी बोल्टभोवती घट्ट भरते. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या लांब बोल्टांमध्ये ती आट्यांपेक्षा गुळगुळीत दांड्याभोवतीच जास्त असते. म्हणून असा बोल्ट थोडा सैल होतो आणि पुन्हा अडकतो. पांढरी भुकटी दिसली की समजा, नुसत्या जोराने काम होणार नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचे, स्टड (डोकं नसलेले, आट्यांचे दांडे) आणि नट रोज तापून गार होतात, त्यामुळे त्यांच्यावर गंजाचे थरावर थर चढतात. शिवाय मॅनिफोल्ड लांबीला ताणतो आणि आकसतो. त्याचा सगळ्यात जास्त ताण दोन्ही टोकांच्या स्टडवर येतो, म्हणून तुटतात ते बहुधा कडेचेच. सुरुवात मधल्या नटांपासून करा. हात बसतो आणि कडेच्यांना तेल मुरायला तेवढा जास्त वेळ मिळतो.

चौथा प्रकार खरं तर जाम झालेला नसतोच. आट्यांना थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद, लावलेला असतो. त्यावर तेलाचा काही परिणाम होत नाही, त्याला उष्णता लागते. लाल रंगाचा पक्का थ्रेडलॉकर साधारण २५०° सेल्सिअसला मऊ पडतो, आणि बोल्ट तापलेला असतानाच फिरवायचा असतो.

आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. आटे उलटे तर नाहीत ना? काही गाड्यांमध्ये रेडिएटरच्या पंख्याच्या क्लचचा नट उलट्या आट्यांचा असतो. आणि भाग निघत नसेल तर कुठे मळीखाली लपलेला एखादा बोल्ट राहिलाय का? असा एक बोल्ट राहून गेला आणि झाकणात पहार घालून ते फोडलं, असं मी पाहिलं आहे.

२. हाताशी काय काय हवं

- गाडीचं दुरुस्तीचं मॅन्युअल. कोणता बोल्ट किती टॉर्कने (फिरवण्याच्या जोराने), कोणत्या क्रमाने आवळायचा आणि कोणता पुन्हा वापरायचा नाही, हे त्यातच कळतं.
- सहा कोनी सॉकेट. बारा कोनी सॉकेट डोक्याला फक्त टोकांशी धरतो आणि गंजलेलं डोकं गोल करून टाकतो. या कामाला तो वापरूच नका.
- लांब दांड्याचा ब्रेकर बार, रॅचेट, एक्स्टेन्शन.
- वायर ब्रश, टोकदार सुई किंवा पिक, मध्यम वजनाचा हातोडा, पितळी दांडा, सेंटर पंच.
- पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे आट्यांच्या फटीत शिरणारं पातळ तेल.
- हॉट एअर गन किंवा छोटी गॅस टॉर्च.
- लॉकिंग पक्कड आणि उलट्या दातांचे, गोल झालेलं डोकं पकडणारे सॉकेट.
- डोळ्यांना चष्मा, हातमोजे, आग विझवायचं सिलिंडर. टॉर्च पेटवणार असाल तर सिलिंडर हाताच्या अंतरावर ठेवा.
- शेवटी बसवताना टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा), अँटी-सीझ पेस्ट (बोल्ट पुन्हा जाम होऊ नये म्हणून) आणि शक्यतो नवे बोल्ट.

ड्रिल, टॅप (आटे पाडायचं हत्यार), वेल्डिंग यांची यादी मुद्दाम दिली नाही. बोल्ट तुटला तरच ती लागतात.

३. पाना लावण्याआधी

इंजिन गार होऊ द्या. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. कूलंटच्या भागावर काम असेल तर कूलंट आधी काढून घ्या. खालून काम करायचं असेल तर गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका.

मग साफसफाई. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण अर्धी लढाई इथेच आहे. डोक्याभोवतीचा गंज वायर ब्रशने काढा. अ‍ॅलन किंवा टॉर्क्सचं डोकं असेल तर त्याच्या खाचेतली मळी सुईने खरवडून काढा, म्हणजे बिट तळापर्यंत बसेल. अर्धवट बसलेला बिट खाच हमखास खातो. स्टडवर नट असेल तर नटाबाहेर आलेले आटे ब्रशने स्वच्छ करा. नट सुटून जेव्हा त्या गंजलेल्या आट्यांवर येतो तेव्हाच तो पुन्हा अडकतो आणि स्टड तुटतो.

बोल्टचं भोक आरपार आहे की एका बाजूने बंद, तेही बघा. आरपार असेल तर मागच्या टोकाला पण ब्रश आणि तेल लावता येतं. मागून तेल लावल्याने माझे जेवढे बोल्ट सुटलेत, तेवढे जोराने सुटले नसतील.

४. तेल मुरू द्या

‘मुरू द्या’ हा शब्द अगदी शब्दशः घ्या. तेल मारून दोन मिनिटांत पाना लावणं म्हणजे न मारल्यासारखंच. आटे इतके जवळ बसलेले असतात की तेल केशाकर्षणाने, हळूहळूच आत शिरतं. कामाच्या आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ तेल मारा, प्रत्येक वेळी पितळी दांडा डोक्यावर ठेवून हातोडीने आठ-दहा हलके टोले द्या. टोल्यांनी गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. एक्झॉस्टच्या स्टडना मी दोन-तीन दिवस देतो.

घराघरात असणारा डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा पुष्कळ जण याच कामाला घेतात. १९५३ मध्ये तो पाणी हटवण्यासाठी तयार झाला आणि नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थही तोच आहे. हलक्या गंजाला तो चालतो. खरोखर जाम झालेल्या बोल्टला मात्र खास पेनिट्रेटिंग ऑइल घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मंनिम्मं मिसळून वापरणारेही बरेच मेकॅनिक आहेत. ते मिश्रण लगेच फाटतं, म्हणून दर वेळी हलवून घ्यावं लागतं. अ‍ॅसिटोन रंग आणि प्लास्टिक खातं, शिवाय भुर्रकन पेट घेतं. ते वापरलं असेल तर त्याच दिवशी टॉर्च काढू नका.

५. पहिला जोर

सॉकेट डोक्यावर हातोडीने ठोकून पूर्ण बसवा. एक्स्टेन्शन सरळ ठेवा, एका हाताने सॉकेटचा माथा दाबून धरा. वाकडा जोर डोकं सोलतो.

आता पहिली हालचाल सोडवण्याच्या दिशेने करू नका, आवळण्याच्या दिशेने करा. अगदी किंचित. गंजाची पकड कोणत्याही दिशेने मोडली तरी ती मोडतेच, आणि आवळताना बोल्ट एक अंश जरी हलला तरी तेलाला नवी फट मिळते. मग सोडवायच्या दिशेला या. एकसारखा दाब वाढवत न्या, झटके देऊ नका.

आता हाताकडे लक्ष द्या. चांगल्या सुटणाऱ्या बोल्टचा ‘कट्ट’ असा कोरडा, स्पष्ट आवाज येतो आणि लगेच जोर कमी लागतो. कधीकधी ‘कुर्रर्र’ असं करकरत तो फिरतो. तेही चालेल, आटे हलताहेत. पण पाना फिरतोय, आवाज नाही, जोर वाढतही नाही आणि कमीही होत नाही, जाड रबर पिळल्यासारखं वाटतंय, तर जागच्या जागी थांबा. दांडा पिळला जातोय. पाना तसाच उलटा, आवळण्याच्या दिशेने परत आणा, तेल मारा आणि त्या दिवशी त्या बोल्टला सोडून द्या. माझ्या थर्मोस्टॅटच्या बोल्टने हेच सांगितलं होतं.

सुटला तरी एका दमात बाहेर काढू नका. पाव फेरा बाहेर, निम्मा परत आत, तेल, पुन्हा पाव फेरा बाहेर. आट्यांतली भुकटी मागे-पुढे केल्याने बाहेर पडते. सरळ ओढत नेलं तर ती साचत जाते आणि बोल्ट अर्ध्यावर पुन्हा आवळतो. एक लहानसा बोल्ट काढायला वीस मिनिटं लागली तर लागू द्या.

पान्याला लांब पाइप लावायची सवय मोठ्या बोल्टांपुरती ठेवा. १२ मिमीच्या दांड्याला तो जोर झेपतो, ६ मिमीच्या दांड्याला हाताच्या मनगटाचा जोरही पुरून उरतो. इम्पॅक्ट गन असेल तर तिच्या सगळ्यात कमी ताकदीवर दोन्ही दिशांनी थोडा वेळ थरथरवा. तिचे बारीक ठोके पाइपच्या अखंड ताणापेक्षा बोल्टला पुष्कळदा सुखाचे जातात.

६. उष्णता: कशाला तापवायचं हे आधी ठरवा

तेल आणि सबुरी दोन्ही थकली की उष्णता. इथे नवखे लोक सर्रास बोल्टवरच ज्वाला धरतात. तसं करण्याआधी विचार करा.

अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून अ‍ॅल्युमिनियममधला पोलादी बोल्ट असेल तर बोल्ट तापवायचा नाही, भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम तापवायचं. भोक मोठं होतं, पकड ढिली होते, आणि तापलेलं असतानाच पाना फिरवायचा. हॉट एअर गन इथे उत्तम. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन उडून गेला की पुरेसं तापलं समजा.

टॉर्च वापरलीत तर ज्वाला एका जागी थांबवू नका. पोलाद तापताना ६००-७००° च्या आसपास मंद लाल दिसायला लागतं, त्यामुळे डोळ्यांना अंदाज येतो. अ‍ॅल्युमिनियम तसा रंग दाखवत नाही. ते दिसायला जसंच्या तसं असतं आणि ६६०° ला, मिश्रधातू तर त्याच्याही आधी, एकदम खाली बसतं. वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची ताकदही गेलेली असते.

स्टडवरचा नट असेल तर नट तापवा, स्टड नाही. नट बाहेरच्या बाजूला फुगतो. भोवती बीड किंवा पोलादच असेल तर नट मंद लाल होईपर्यंत तापवता येतो.

बिडाच्या ब्लॉकमधला पोलादी बोल्ट मात्र वेगळ्या पद्धतीने मानतो. दोघं साधारण सारखेच फुगतात, म्हणून भोकाचा फायदा मिळत नाही. इथे बोल्टचं डोकं तापवायचं, मग गार होऊ द्यायचं. तापताना तो गंजाला चिरडतो, गार होताना आकसतो आणि चिकटलेला थर सुटतो. कोमट झाला की तेल. असं दोन-तीनदा करा, मग फिरवा. बोल्ट पुरेसा तापलेला असताना सांध्यावर मेणबत्ती टेकवायची युक्तीही जुनी आणि खरी आहे. मेण पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं आणि तिथेच वंगण म्हणून राहतं.

धोके नीट वाचा. ज्वाला पेटवण्याआधी सांडलेलं तेल पुसा, पेट्रोलच्या नळ्या, वायरी, रबर, प्लास्टिक जवळ नाहीत ना ते पाहा, काढता येतील तेवढं काढा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने साफ केलेल्या भागावर ज्वाला किंवा वेल्डिंग कधीही नको. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. इंडक्शन हीटर मिळत असेल तर ज्वालेचा प्रश्नच मिटतो. त्याची कॉइल नटाभोवती धरली की नट तापतो आणि भोवतीच्या वायरी वाचतात. फक्त त्याची उष्णता तेलाला पेटवायला पुरेशी असते, हे विसरू नका.

७. डोकं गोल झालं तर

घाबरू नका, हे तुटण्यापेक्षा बरं. उलट्या दातांचा सॉकेट ठोकून बसवा आणि तेल-उष्णतेच्या पायऱ्या पुन्हा करा. तो नसेल तर एक माप लहान सहा कोनी सॉकेट ठोकून बसतो का ते पाहा. बाहेर मोकळी जागा असेल तर कानशीने डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून लॉकिंग पक्कड घट्ट लावता येते. नट असेल तर नट स्प्लिटरने फोडणं सगळ्यात सुरक्षित, स्टड शाबूत राहतो.

आणि कधीकधी डोकं मुद्दाम उडवणं हाच उत्तम उपाय असतो. झाकण धरून ठेवणारा लांब बोल्ट दांड्याभोवतीच्या भुकटीने अडकला असेल, तर डोकं ड्रिलने उडवा, झाकण ठोकत ठोकत वर काढा. मागे बोटभर दांडा उभा राहतो, डोक्याचा ताण गेलेला असतो, आणि तो पक्कडीने पुष्कळदा हलक्या हाताने निघतो.

८. बोल्ट तुटलाच तर

थोडा थांबा. या क्षणी घाईने लगेच ड्रिल घेतलं की नुकसान दुप्पट होतं.

तुकडा बाहेर आला असेल तर पक्कड लावा, किंवा आटे असतील तर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून खालच्या नटाने फिरवा. अजून पक्का उपाय म्हणजे तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड करणं. वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टच्या पोटात जाते आणि पकडायला नवं डोकंही मिळतं. पोलादासाठीच्या वेल्डचा धातू अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, म्हणून अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडा खोल तुटलेला बोल्टही सराईत वेल्डर थराथराने वर आणू शकतो. वेल्डिंगचा सराव नसेल तर हे काम सराव असणाऱ्याकडे द्या. बॅटरी जोडलेली नसावी.

पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल तर ड्रिल. आधी तुटलेला माथा सपाट करा, बरोब्बर मध्यावर पंच मारा. ‘बरोब्बर’ यावर जोर आहे. अर्धा मिमी सरकलात तर ड्रिल पोलाद सोडून मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये घुसतो. ३ मिमीपासून सुरू करा, वेग कमी, तेल भरपूर. उलट्या फिरणाऱ्या बिटा मिळाल्या तर त्याच वापरा. भोक पाडता पाडता तुकडा फिरून बाहेर आल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरबद्दल माझं मत ठाम आहे. आटे जाम झाल्यामुळे बोल्ट पिळून तुटला असेल, तर त्याच्याहून बारीक एक्स्ट्रॅक्टर तिथे टिकायचं कारणच नाही. शिवाय निमुळता असल्याने तो तुकड्याला आतून फुगवून आणखी घट्ट करतो. तो कठीण आणि ठिसूळ असतो. आत तुटला की साधा ड्रिल त्याच्यावर चालत नाही. जास्त आवळल्यामुळे तुटलेल्या, आटे मोकळे असलेल्या बोल्टलाच तो लावा, तोही भोवती तापवून.

काहीच जमलं नाही तर भोक हळूहळू मोठं करत आट्यांच्या मुळापर्यंत आणा: एम६ (६ मिमी दांड्याचा बोल्ट) ला ५ मिमी, एम८ (१.२५ पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) ला ६.८ मिमी, एम१० (१.५ पिच) ला ८.५ मिमी. मध्य साधला असेल तर बोल्टचे उरलेले आटे स्प्रिंगसारखे सुईने ओढून काढता येतात. आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा. नीट बसवलेलं हेलिकॉइल अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ असतं.

सिलिंडर हेडचा बोल्ट खोल तुटला असेल, किंवा एक्स्ट्रॅक्टर आत अडकला असेल, तर तिथे हात थांबवा आणि मशीन शॉप गाठा.

९. परत बसवताना

भोकातले आटे चेझरने (आटे न कापता फक्त साफ करणाऱ्या हत्याराने) साफ करा. कापणारा टॅप चांगल्या आट्यांचंही थोडं मांस काढतो. बंद भोकातलं तेल, पाणी, कचरा हवेने पूर्ण उडवा, चष्मा लावूनच. तळाशी तेल साठलेलं असताना बोल्ट आवळला तर दाबलं गेलेलं तेल ब्लॉकला तडा देऊ शकतं.

गंजलेले बोल्ट पुन्हा वापरू नका. नवा घेताना डोक्यावरचा आकडा जुन्याशी जुळवा. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलची ताणशक्ती आणि तिच्या ८०% ला कायमचा ताणला जाणारा. ज्या बोल्टांना मॅन्युअल टॉर्कनंतर अंशांत फिरवायला सांगतं, ते हेडचे बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात.

आट्यांना अँटी-सीझ पातळ लावा, एक्झॉस्टला तांब्याची किंवा निकेलची. घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधले आकडे कोरड्या आट्यांचे असतील तर थोडे खाली आणा, आणि जिथे काही लावू नका असं लिहिलंय तिथे लावू नका. अंदाजासाठी सांगायचं तर ८.८ च्या एम६ ला साधारण १० न्यूटन मीटर, एम८ ला २५. अ‍ॅल्युमिनियममध्ये मात्र मॅन्युअलचाच आकडा धरा.

प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी तीन-चार फेरे आत गेला पाहिजे. बोटांनी जात नसेल तर बाहेर काढून पुन्हा लावा, पाना लावून ढकलू नका. सगळे बोटांनी बसल्यावर क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. एक्झॉस्टचे नट इंजिन एकदा पूर्ण तापून गार झालं की मी टॉर्क पान्याने पुन्हा एक फेरी तपासतो.